पावसाळ्यानंतरचे पेंच: अरण्य पवित्र कशाने होते?

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागाचे गाभा क्षेत्र पावसाळ्यात पर्यटकांना बंद असते आणि साधारणपणे १ ऑक्टोबरला, शरद ऋतूत, पुन्हा उघडते. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा हा डोंगराळ मुलूख तेव्हा वर्षातला सर्वांत दाट असतो. साग, ऐन, धावडा, तेंदू, बिजा पानांनी भरलेले असतात, गवत माणसाच्या छातीला लागते, नाले वाहते असतात. जनावर दहा पावलांवर उभे असले तरी दिसत नाही. वाघ पाहायचाच असेल तर एप्रिल-मे बरा, असे जाणकार सांगतात ते यामुळेच. उन्हाळ्यात पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर सगळ्यांना यावेच लागते. शरदात येणाऱ्याच्या वाट्याला जंगल येते, वाघाचा भरवसा नसतो.

नागपूर जिल्ह्याच्या उत्तर पट्ट्यातून, म्हणजे खापरखेडा, कोराडी, सावनेर, कामठी या भागातून, शरदात माणसांच्या चार वाटा सुरू होतात. नवरात्रात कोराडीच्या जगदंबेकडे, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे, त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या गडावर, आणि दिवाळीच्या सुट्टीत पेंचच्या फाटकांकडे: पारशिवनीमार्गे कोलितमाऱ्याला किंवा मनसरवरून सिल्लारीला. पहिल्या तिन्हींमागे श्रद्धा आहे हे सांगावे लागत नाही. चौथी सहल समजली जाते. १९७५ साली पेंच राष्ट्रीय उद्यान घोषित झाले ते कायद्याच्या कलमाने, कोणा देवतेच्या नावाने नव्हे. तरीही फाटकाच्या आत आवाज खाली येतात, पायातली चप्पल काढावी लागत नसली तरी गाडीतून खाली उतरण्याची मनाई लोक फारशी कुरकुर न करता पाळतात, आणि परत आलेला माणूस ‘दर्शन झाले’ किंवा ‘झाले नाही’ अशाच भाषेत बोलतो. या आदराला आधार कशाचा? जमीन स्वतःच पवित्र असते, तिच्यात माणूस नसल्याने ती पवित्र होते, की माणूस तिच्याशी कसा वागतो यावर ते ठरते?

या प्रश्नाची पहिली उकल बंद असलेल्या तीन महिन्यांतच सापडते. पावसाळ्यात फाटके का लावतात याची वनखात्याची कारणे व्यावहारिक आहेत. कच्चे रस्ते खचतात, गाड्या रुततात, अनेक प्राण्यांच्या विणीचा हा काळ असतो. पण याच तीन-चार महिन्यांत भारतातल्या श्रमण परंपरांनी आपल्या भिक्षूंनाही जागच्या जागी थांबवले आहे. बौद्ध भिक्षूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकात वर्षावासाच्या नियमामागची हकिकत दिली आहे. पावसात हिंडणारे भिक्षू कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार आली आणि बुद्धांनी आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घातला. जैन साधूंचा चातुर्मास त्याच अहिंसेच्या हिशेबाने कार्तिकापर्यंत चालतो. जमिनीवर जीव फुटत असताना चालणाऱ्याने थांबावे, हा विचार व्याघ्र प्रकल्पाच्या परिपत्रकात आणि अडीच हजार वर्षांपूर्वीच्या विनयात एकच आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या सगळ्या नियमांत धर्माच्या सर्वांत जवळ जाणारा नियम हाच म्हणावा लागेल, आणि गंमत अशी की पर्यटकाच्या तो लक्षातही येत नाही. त्याच्या लेखी ते फक्त ‘ऑफ सीझन’ असते.

फरक आहे तो नियम कोण कोणाला घालतो यात. भिक्षू स्वतः थांबतो आणि थांबण्याचा भार स्वतः उचलतो. पेंचमध्ये भार पडतो तो गाइड, जिप्सीचे चालक आणि गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रातल्या गावांतल्या खाणावळी-लॉजवर पोट असणाऱ्यांवर. पर्यटकाला त्या तीन महिन्यांत दुसरीकडे जाता येते.

सातपुड्यातच थोडे पुढे, पचमढीला, हे चित्र नेमके उलटे होते. पचमढीच्या भोवतीचे सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ चे; डोंगर उंच, धूपगडाचे शिखर १३५० मीटरचे. तिथेही पावसाळ्यात पर्यटकांच्या सफारी थांबतात. पण श्रावणात नागपंचमीच्या सुमारास दहाएक दिवस नागद्वारची यात्रा भरते आणि याच जंगलातून, दऱ्या-कपारी उतरत, भर पावसात लाखो भाविक चालत जातात. त्यांतले बहुसंख्य विदर्भातले आणि छिंदवाड्याकडचे. नागपूर जिल्ह्यातून सावनेर-सौसरच्या रस्त्याने गाड्या भरून जातात; वाटेत सेवा मंडळांचे भंडारे लागतात. म्हणजे पाहायला येणाऱ्याला जे दार बंद, ते नमस्काराला येणाऱ्याला उघडे. वन्यजीव संवर्धनाच्या दृष्टीने पायाखाली गवत तुडवणारा पाय भाविकाचा की पर्यटकाचा, याने काही फरक पडत नाही. एकत्र आलेला एवढा जमाव जंगलाला जड जातोच. तरी शासनाने यात्रा बंद केली नाही, दिवस आणि वाटा मात्र ठरवून दिल्या. श्रद्धेचा हक्क इथे करमणुकीच्या हक्कापेक्षा वरचा मानला गेला आहे. ते योग्य की अयोग्य, याचे उत्तर श्रद्धा म्हणजे काय यावर अवलंबून आहे. नागद्वारला जाणारा माणूस पूर्वी जुने कपडे, थोडी शिदोरी आणि बरीच भीती घेऊन जात असे. आज तो प्लास्टिकही घेऊन जातो. भीती गेली आणि जमाव राहिला, तर वरच्या हक्काचा दावा पोकळ होतो.

आता दर्शनाकडे. देवळात भाविक जे करतो आणि जंगलात पर्यटक जे करतो ते वरवर पाहता एकच: दोघेही काही तरी दिसावे म्हणून रांगेत थांबतात. परंतु देवदर्शनाच्या कल्पनेत पाहणारा हा गौण आहे. देव त्याच्याकडे पाहतो, देवाने दिसणे ही देवाची कृपा. वाघाबद्दल जंगलातल्या लोकांची समजूत अशीच होती. वाघदेवाची ठाणी विदर्भ-मध्य प्रदेशातल्या गोंड आणि कोरकू मुलखात जागोजागी आहेत, आणि ती वाघ सुंदर दिसतो म्हणून उभी राहिलेली नाहीत. ताडोब्याचे उदाहरण बोलके आहे. राज्यातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान १९५५ साली जिथे झाले, त्या ताडोब्याला नाव मिळाले ते तारू या गोंड प्रमुखावरून. तो वाघाशी झालेल्या झुंजीत मेला आणि देव झाला, असे आदिवासी मानतात. तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे आणि पौषात तिथे जत्रा भरत असे. या श्रद्धेत वाघ, मेलेला माणूस आणि देव हे एकमेकांपासून तोडता येत नाहीत. वाघाने पाहिले आणि सोडले, तर ती कृपा. नेले, तर नेलेल्याला शेंदूर. पुढे गाभा क्षेत्राचे नियम कडक होत गेले तसे जत्रेवर निर्बंध आले. देवाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उद्यानात देवाच्या भक्तांची वाट अरुंद झाली, ही गोष्ट कोणत्याही बाजूने पाहिली तरी विचित्र आहे.

सफारीतल्या दर्शनात कृपेचा भाग जवळजवळ उरत नाही, कारण पैसे आधीच भरलेले असतात. शरदातली भेट इथे वेगळी पडते. वाघ दिसण्याची शक्यताच कमी असल्याने माणूस इतर गोष्टींकडे वळतो: सांबराची माती उकरलेली जागा, कुल्लूच्या झाडाचे पांढरे खोड, कोळ्याच्या जाळ्यात अडकलेले दव, रानगव्यांचा कळप. मिळण्याची खात्री नसताना जाणे ही यात्रेची एक जुनी अट आहे. ती शरदात आपोआप, नाइलाजाने का होईना, पाळली जाते.

अरण्याला धर्मात मान मिळाला तो मात्र भेट देणाऱ्यामुळे नव्हे, राहणाऱ्यामुळे. वेदवाङ्मयातली आरण्यके गावाबाहेर, रानात अभ्यासायची म्हणून वेगळी काढली गेली. आश्रमव्यवस्थेत वानप्रस्थ हा घर सोडून वनात राहण्याचा टप्पा. विदर्भात याचे सर्वांत ठळक उदाहरण श्रीचक्रधरस्वामींचे आहे. तेराव्या शतकात ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंची भेट झाल्यावर ते सातपुड्याच्या पायथ्याच्या सालबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे राहिले, असे महानुभाव परंपरा सांगते. शिकाऱ्यांपासून पळालेला ससा त्यांच्या आसऱ्याला आला आणि त्यांनी तो शिकाऱ्यांच्या हाती दिला नाही, ही ‘लीळाचरित्रा’तली हकिकत प्रसिद्ध आहे. त्या प्रसंगात जागेचे माहात्म्य काहीच नाही. ससा ज्याच्या आसऱ्याला आला त्याने नकार दिला, एवढ्यानेच ती जागा वेगळी झाली. स्वामींची शिकवण तर एखाद्या स्थळाची ओढ सोडण्याची, अनोळखी मुलखात झाडाखाली आयुष्य घालवण्याची. अनुयायांनी पुढे स्वामी जिथे जिथे बसले ती ठिकाणे ‘स्थानपोथी’त नोंदवून वंदनीय केली. त्यात विसंगती दिसते खरी, पण ती बहुतेक धर्मांच्या वाट्याला येते: गुरू जागा सोडायला सांगतो, शिष्य गुरूची जागा धरून ठेवतात.

अरण्यात राहण्याचा हक्क सर्वांना सारखा होता असे मात्र समजू नये. पेंचच्या वाटेवरच रामटेकच्या टेकडीवर धूम्रेश्वराचे मंदिर आहे आणि स्थानिक परंपरा त्याचा संबंध शंबूकाशी जोडते. रामायणाच्या उत्तरकांडातला हा शूद्र तपस्वी अरण्यात तप करत होता आणि तो त्याचा अधिकार नाही म्हणून रामाने त्याला मारले. रामटेकच्या कथेत मरताना त्याला वर मिळतो आणि त्याचीही पूजा होते. वर मिळाला म्हणून वध न्याय्य ठरत नाही. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुयायांच्या या जिल्ह्यात ते वेगळे सांगायला नको. इथे मुद्दा अरण्याचा आहे. तपोवन शांत आणि पवित्र होते असे म्हणताना त्याच्या सीमेवर कोण उभे होते आणि कोणाला आत येऊ देत नव्हते, हेही पाहावे लागते. पावित्र्याला कुंपण घातले की कोणीतरी बाहेर राहतोच.

राष्ट्रीय उद्यान या कल्पनेत हे कुंपण मुळापासूनच आहे. १८७२ साली अमेरिकेत यलोस्टोन उद्यान झाले तेव्हापासून ‘माणूस नसलेले रान’ हा आदर्श बनला, आणि तिथे आधीपासून वावरणाऱ्या मूलनिवासी जमातींना तो आदर्श महागात पडला. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानात चराईपासून सगळे हक्क संपवण्याची तरतूद केली. पेंचला त्याचा अर्थ तोतलाडोह धरणाच्या पाण्यावर कळला. मध्य प्रदेशच्या बाजूने उद्यानातून हलवलेल्या आदिवासींच्या ३०५ कुटुंबांना राज्याने धरणाच्या जलाशयात मासेमारीचे परवाने दिले आणि त्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. काठावर चूल पेटवू नये, ओळखपत्र बाळगावे, अशा अटी मात्र घातल्या. ज्या नदीत बापजाद्यांनी जाळे टाकले तिथे छायाचित्राचे ओळखपत्र दाखवून जाळे टाकायचे, हा तोडगा कायद्याला शोभणारा आहे. श्रद्धेच्या अंगाने पाहिले तर त्यात एक गोष्ट हरवते. पूर्वीचा संयम, म्हणजे कोणत्या डोहात, कोणत्या दिवसांत मासे धरायचे नाहीत याचा, कोळ्याचा स्वतःचा होता. आता तो चौकीवरच्या पहाऱ्याचा झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार देऊन ही चूक दुरुस्त करण्याची सोय केली, पण व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात त्याची अंमलबजावणी अजून वादाचाच विषय आहे.

माणूस नाही म्हणून रान पवित्र, या मताची तात्त्विक बाजू आर्ने नेस या नॉर्वेजियन विचारवंताने १९७३ साली मांडली. निसर्गाला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मूल्य आहे, असे तो म्हणतो. त्यावर रामचंद्र गुहा यांनी १९८९ साली आक्षेप घेतला की गरीब देशांत हे तत्त्व शब्दशः लागू केले तर रानातल्या गरिबांना उठवून शहरातल्या श्रीमंतांना पाहायला जागा करून देण्यातच त्याचे पर्यवसान होते. पेंचच्या फाटकावरचे दृश्य पाहिले तर गुहांचा आक्षेप बराचसा खरा वाटतो. तरी नेसचे म्हणणे टाकून देता येत नाही. वाघाला मोल फक्त पर्यटनाच्या उत्पन्नाइतकेच असेल, तर उत्पन्न घटले की वाघाचे कारणही संपेल.

या कोंडीतून वाट काढायला याच परिसराशी जोडलेला एक विचार उपयोगी पडतो. रामटेक-मनसरच्या टेकड्यांचा संबंध परंपरा माध्यमिक बौद्ध दर्शनाचा आचार्य नागार्जुन याच्याशी लावते. नागार्जुनाचे मूळ म्हणणे असे की कोणत्याही वस्तूला तिचा म्हणून वेगळा, सुटा स्वभाव नसतो. जे आहे ते इतरांवर अवलंबून उभे आहे. पावित्र्यालाही हे लावता येते. ते जमिनीच्या आत खनिजासारखे साठलेले नसते, आणि माणूस काढून घेतल्यावर उरणारा गाळही ते नव्हे. ते जमीन, जनावर आणि माणूस यांच्यातल्या विशिष्ट संबंधात उभे राहते आणि संबंध तुटला की मावळते. म्हणून ते खोटे ठरत नाही. नागार्जुनाच्या मते अवलंबून असणे हीच तर अस्तित्वाची रीत आहे.

तो संबंध कोणता, हे महाराष्ट्रातल्या देवराया दाखवतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व समोर आणले. देवराईतून वाळकी काटकीही उचलायची नाही, असा अनेक ठिकाणी दंडक. त्याची झळ लागते ती त्याच गावाला, ज्याला सरपण हवे असते. अडचण असताना न उचललेली काटकी हे तिथल्या देवाचे खरे देऊळ आहे. दगडी किंवा सिमेंटचे देऊळ बांधण्यासाठी राईतलीच झाडे विकली गेल्याचीही उदाहरणे आहेत, आणि तिथे देव राहिला पण राई गेली. या कसोटीवर पेंचचा पर्यटक कुठे बसतो? त्याच्या हातून जंगलात काही घडत नाही हे खरे, पण त्याला जंगलातले काही नकोही असते. जे हवेच नाही ते न घेण्यात संयम कसला? मोह, तेंदूपान, चारा सोडणारा बफरमधला माणूस त्या पावित्र्यात अधिक गुंतवणूक करतो.

खापरखेड्याच्या माणसाचे पेंचशी नाते मात्र फाटकावरच्या तिकिटापाशी संपत नाही, आणि तिथे हा प्रश्न सर्वांत अवघड होतो. खापरखेड्याचे औष्णिक वीज केंद्र १३४० मेगावॅटचे आहे. त्याला लागणारे पाणी पेंच प्रकल्पातून येते, म्हणजे ज्या नदीच्या काठी चितळ पाणी पितात तिचेच पाणी पुढे वाफ होते. जळणारा कोळसा गोंडवन काळातला, पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या अरण्यांचा. भूविज्ञानाने त्या खडकांना गोंडांच्या मुलखाचेच नाव दिले आहे. विजेच्या उजेडालाही हद्द घालता येते, हे पेंचनेच दाखवले. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंचला देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारे उद्यान, म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी बफरमधल्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून प्रकाश फक्त जमिनीकडे पडेल असे केले गेले. देवराईच्या नियमाशी याचे जवळचे नाते आहे: उजेड वापरायचा, पण आकाशाचा वाटा सोडून.

पण सिल्लारीच्या गावकऱ्याला आपला दिवा दिसतो आणि त्याच्या वरचे आकाशही दिसते. खापरखेड्याची वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते. ती पुण्यात, मुंबईत, कुठेही वापरणाऱ्याला तिच्यामागची नदी दिसत नाही. धर्माने संयम शिकवला तो डोळ्यांसमोरच्या जागेबद्दल: ही राई, हा डोह, हा डोंगर, याच्या सीमेवर हा देव. शिवेवरचा देव आपल्या शिवेपुरताच कोपतो. ज्याच्या मागणीने नदी अडते आणि खाण खोल जाते, तो माणूस कोणत्याही शिवेच्या आत उभा नसतो. त्याला वर्षावासासारखे थांबवणारा नियम अजून ना विनयात आहे, ना वन्यजीव कायद्यात.